प्रकरण अकरावे : आईने वाजवलेली टाळी

डुकराचे पाय पहाटेपासून शेगडीवर रटरटत होते आणि ते कधी शिजूच नयेत असं आ-फिनला वाटत होतं. शिजले की जेवण आलं, जेवण आलं की चियाम मास्तर आला, आणि मास्तर आला की या घरात काय होईल ते देवालाच ठाऊक.

"आई, शेवया कधी सोडू?" सून क्योक-हुएने विचारलं. तिच्या कपाळावर सकाळपासून आठी होती. "आणि एक सांगू? सातवा महिना चालू आहे, भुतं मोकळी सुटलीत. या महिन्यात लोक नदीत पाय घालत नाहीत, आणि आपण परदेशातनं माणूस घरी आणला. महिनाभर थांबले असते दादा तर काय बिघडलं असतं?"

"चोवीस वर्षं थांबला तो. अजून महिना थांबव म्हणतेस?"

"तसं नाही हो."

"सरकारने काळ्या यादीतनं नाव काढलं त्याला महिना झाला नाही. परत घालायचं मनात आलं तर तुझ्या भुतांना विचारायला येणार आहेत का ते?"

क्योक-हुए शेवयांची जुडी सोडवायला लागली. संकटातून सुटून आलेल्याला डुकराचे पाय नि बारीक शेवया खाऊ घालायच्या, म्हणजे इडापिडा टळते, एवढं तिलाही मान्य होतं. परवा बून-हाँग दारात उतरला तेव्हा निखाऱ्यांची शेगडी तिनेच उंबऱ्यापाशी ठेवली होती, ओलांडायला. अठ्ठेचाळीस वर्षांचा थोरला दीर, पांढऱ्या केसांचा, लहान मुलासारखा पाय उचलून ती शेगडी ओलांडताना ढसाढसा रडला, तेव्हा तिनेही डोळे पुसले होते. सून वाईट नव्हती. जीभ तेवढी तिखट.

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये झालेला बेसबॉलचा सामना परत दाखवत होते. पोरांनी जपानला हरवलं होतं, पदक नक्की झालं होतं, आणि क्योक-हुएचा नवरा, धाकटा बून-खिम पहाटे एकदा बघून आता दुसऱ्यांदा बघत होता. बून-हाँग शेजारी वेताच्या खुर्चीत बसला होता.

"चिनी तैपेई," बून-हाँगने पडद्यावरचं आपल्या संघाचं नाव वाचलं. "हे कुठलं गाव रे खिम? मी इथे जन्मलो तेव्हा असलं गाव नव्हतं."

"दादा, नाव मरू दे. त्याचा हात बघ. चेंडू दिसतो का बघ."

"झेंडा आपला नाही. गाणं आपलं नाही. उद्या क्यूबाला हरवून सोनं आणलं, तरी काठीवर कुठलं तरी तिसरंच फडकं चढणार. आणि तुम्ही फटाके वाजवणार."

"वाजवणार. लोकांना एवढंच तर मिळतं."

आ-फिनने स्वयंपाकघरातून ऐकलं. फडक्यानेच तर घात केला होता.

एकवीस वर्षांपूर्वी आपली पोरं अमेरिकेत लहान मुलांची जागतिक स्पर्धा खेळत होती. तिकडे दुपार, इकडे मध्यरात्र. आसपासच्या गल्ल्यांत टीव्ही एकच, तोही तिच्या जावयाच्या, चियाम मास्तरच्या घरी. मास्तर प्राथमिक शाळेत बेसबॉल शिकवायचा, सत्ताधारी पक्षाचा सभासद होता, त्यामुळे त्याच्या घरी टीव्हीही आला होता आणि वट पण. त्या रात्री सगळा शेजारपाजार तिथे जमलेला. पोरं जिंकली, कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला, आणि तीन वर्षांपूर्वी तिकडे शिकायला गेलेला तिचा बून-हाँग आ-फिनला दिसला. पांढरा शर्ट, चष्मा, हातात लांबलचक कापडाच्या एका टोकाची काठी. कापडावर चार-पाच अक्षरं. एका क्षणात दिसला आणि गेला.

आ-फिनला वाचता येत नव्हतं. तिला कोणी शाळेत घातलंच नव्हतं. तिला वाटलं, पोरांना शाबासकी द्यायला कापड धरलंय. तिने टाळी वाजवली. "माझा हाँग, माझा हाँग," म्हणत वाजवत राहिली. खोलीत तीस माणसं होती आणि टाळी तिची एकटीची. बाकीच्यांना वाचता येत होतं, आणि कापडावर आपल्या बेटाच्या स्वातंत्र्याची घोषणा होती. मास्तरने उठून टीव्हीचा आवाज बारीक केला, एवढंच तिला आठवत होतं. पोरं जिंकूनही लोक गप्प का, हे तिला कळलं नाही. ती स्वतःच्याच आनंदात होती.

दुसऱ्या दिवशी तिने बाजारात मासळीवालीपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दोन पोरं आली. पांढरे शर्ट, स्कूटर, हातात बिस्किटांचा डबा. वर्तमानपत्रातून आलोय म्हणाली. काय गोड बोलणं, काय आदब. तिला मावशी म्हणाली. तिने पेरू कापून दिले. परदेशात राहूनही मायभूमीच्या पोरांना शाबासकी देणारा विद्यार्थी, त्याचा फोटो छापायचाय म्हणाली. तिने भिंतीवरचा कॉलेजच्या गणवेशातला फोटो चौकटीसकट उतरवून दिला. पत्ता हवाय म्हणाली, तर तिने त्याचं शेवटचं पत्र पाकिटासकट दिलं. घरात सांगू नका मावशी, छापून येईल तेव्हा सगळ्यांना चकित करू, असंही म्हणाली. नवरा विचारेल म्हणून तिने भिंतीवर त्या जागी कॅलेंडर टांगलं, आणि पुढे दोन महिने ती रोज न्हाव्याच्या दुकानात जाऊन पेपर चाळायला लावायची. आलाय का रे माझा हाँग? नाही आला, काकी.

थंडीत पत्र आलं. बून-खिमने वाचून दाखवलं. पासपोर्ट रद्द झालाय, शिष्यवृत्ती गेली, नाव काळ्या यादीत आहे, परत येता येणार नाही. आणि शेवटी लिहिलं होतं: आपल्या वकिलातीतल्या माणसाने माझ्यापुढे माझा कॉलेजचा फोटो टाकला, आपल्या भिंतीवरचा. घरातल्याच कोणी तरी दिलाय.

आ-फिन तेव्हा मासे साफ करत होती. सुरी हातात तशीच राहिली. नवऱ्याने विचारलं, आपल्या घरात येणारं-जाणारं, पक्षाचं माणूस कोण? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातून मास्तर तीनच आठवड्यांपूर्वी हेडमास्तर झाला होता. झालं. त्या दिवसापासून जावयाला दार बंद. नवीन वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लग्न झालेल्या लेकी नवऱ्याला घेऊन माहेरी येतात. तिची स्योक-हून परत कधी आली नाही. नवऱ्याला सोडून ये, असं तिचे वडील म्हणाले होते. ती आली नाही. चौदा वर्षं मायलेकी पहिल्या नि पंधराव्या तिथीला देवळाच्या मागच्या बाजूला चोरून भेटल्या, आणि सात वर्षांमागे स्योक-हून पोटाच्या आजाराने गेली.

आणि आ-फिन बोलली नाही. एवढंच.

"आई," बून-खिम स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "अजून मी दादाला सांगितलं नाही."

"काय सांगितलं नाहीस?" दारातून बून-हाँगनेच विचारलं.

बून-खिमने शर्टाची बाही खाली ओढली. "मास्तरांना जेवायला बोलावलंय."

"कोणत्या मास्तरांना?"

"आपल्याला मास्तर कितीजण आहेत?"

बून-हाँग अगदी सावकाश म्हणाला, "तो या उंबऱ्याच्या आत आला तर मी मागच्या दाराने जातो. माझी बॅग अजून भरलेलीच आहे."

"दादा, म्हातारा एकटा आहे रे. मला बॅट धरायला त्यांनी शिकवलं. खरं सांगू? ताई गेल्यापासून मी दर शनिवारी जातो त्यांच्याकडे. मॅच बघतो, दोन घास खातो."

"मला माहीत होतं ते," क्योक-हुए म्हणाली. "शनिवारी यांच्या शर्टाला लसणाचा वास येतो, आणि आपल्याकडे शनिवारी पेज असते."

"म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं," बून-हाँग म्हणाला. "मी तिकडे बाबांच्या नावाने एकटा उदबत्ती लावत होतो, आणि तू त्यांच्याकडे मासे खात होतास."

"तू तिथे होतास, मी इथे होतो. बाबांना खांदा द्यायला माणसं पुरेनात तेव्हा मागून कोणी हात लावला माहितेय? बाबा जिवंतपणी ज्याच्या सावलीला उभे राहिले नाहीत, त्याने."

"पापाची भरपाई करत असेल."

आ-फिन शेगडीची आच कमी-जास्त करत राहिली. दोन्ही पोरं तिचीच, आणि दोघांच्या मधलं भांडणही तिचंच. सून तिच्याकडे बघत होती. "आई, तुम्ही बोला ना काही. तुमचं ऐकतील." आ-फिनला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

मास्तर वेळेवर आला. निवृत्त होऊनही घड्याळ सुटलं नव्हतं. हातात लोंगानच्या फळांचा घोस, इस्त्रीचा शर्ट, पाठ जरा वाकलेली. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"बून-हाँग," तो म्हणाला, "केस पिकले की रे."

"तुमच्या कृपेने, भावोजी."

"या ना आत," बून-खिम म्हणाला.

"इथे बरं आहे. वारा आहे." मास्तर बाहेरच्या बांबूच्या स्टुलावर बसला. आतल्या टीव्हीकडे त्याची नजर गेली. "आपल्या पोराने तो चेंडू काय टाकलाय. खालून सटकतो. मी शाळेत वीस वर्षं सांगत होतो, मनगट, मनगट."

"आपल्या?" बून-हाँग म्हणाला. "हेडमास्तर, आपल्या म्हणजे कोणाच्या? पक्षाच्या? पडद्यावर तर तैपेई दिसतंय."

"निवृत्त झालो मी. तीन वर्षं झाली."

"पेन्शन चांगली असेल. माझ्यासारखी माणसं दिली की पेन्शन वाढते म्हणतात."

"दादा," बून-खिम म्हणाला.

"थांब. मला याला एकच विचारायचंय. चोवीस वर्षांत एकच प्रश्न शिल्लक राहिलाय माझा." बून-हाँग दारात येऊन उभा राहिला. "फोटो तुम्ही स्वतः काढलात भिंतीवरून, की ताईला काढायला लावलात?"

मास्तरने घोसातलं एक फळ तोडलं आणि तसंच हातात धरलं. "स्योक-हूनला मध्ये आणू नकोस."

"मग कोणाला आणू? बाबा गेले तेव्हा मी टोकियोपर्यंत आलो होतो. विमानतळावरून परत पाठवला मला. ताई गेली ते चार महिन्यांनी कळलं. तिचं एक पत्र आलं होतं, मी फोडलंसुद्धा नाही, कारण पाकिटावर तुमचं अक्षर होतं. ते पत्र मी जाळलं. तिने काय लिहिलं होतं ते आता मला मरेपर्यंत कळणार नाही. हे कोणाच्या खात्यात घालू, सांगा."

मास्तर खाली बघत होता. मग त्याने एकदाच मान वर करून आ-फिनकडे पाहिलं. ओझरतंच. त्यात राग नव्हता, काही मागणंही नव्हतं, आणि तिला कळलं की याला माहीत आहे. सगळं, पहिल्यापासून. आणि हा आताही गिळणार आहे.

"जे झालं ते झालं," मास्तर म्हणाला. "तू घरी आलास, आईच्या हातचं खा. मी निघतो."

"शेवया मऊ व्हायला लागल्या," क्योक-हुए आतून म्हणाली.

"फोटो मी दिला," आ-फिन म्हणाली.

आपलाच आवाज तिला परका वाटला. कोणाला ऐकू गेलं नाही की काय, म्हणून तिने परत सांगितलं. "फोटो मी दिला, हाँग. मी उतरवला, मी पुसला आणि मी दिला. तुझं पत्रही दिलं. पेरू कापून दिले त्यांना. पेपरात छापणार म्हणाले. मला काय ठाऊक रे, कापडावर काय लिहिलंय ते."

टीव्हीवर पोरं पळत होती.

"आई, तू उगाच याला वाचवू नकोस," बून-हाँग म्हणाला.

"याला कशाला वाचवू? याला तर मी एकवीस वर्षं बुडवला. बिस्किटांचा डबा दिला होता त्यांनी. निळा डबा. सुया-दोरे ठेवते ना मी, तोच. बघ जा उघडून."

बून-हाँग गेला नाही. तो मटकन खुर्चीत बसला. "मग तेव्हा का बोलली नाहीस? खिमने पत्र वाचलं तेव्हा?"

"आज बोलते, उद्या बोलते, असं झालं. मग तुझ्या बाबांनी मास्तरचं नाव घेतलं. मग तू लिहिलंस की त्या माणसाचं नाव माझ्यापुढे काढू नका. तू मला लिहायचास, हाँग, दर महिन्याला. म्हटलं, हे कळलं तर पत्रं बंद होतील. माझ्याकडे तुझं तेवढंच होतं." तिने बाहीने तोंड पुसलं. "लेक गेली तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा तर जीभ झडायला हवी होती माझी."

"तुला लिहायचो मी," बून-हाँग म्हणाला. "बाबांना नाही, तुला. त्या घरात एकच माणूस माझं आहे असं समजून लिहायचो."

आ-फिनने ते ऐकून घेतलं. ते तिच्या वाट्याचंच होतं. बून-हाँग मास्तरकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"ते गुप्त पोलिसांचे लोक आधी शाळेत आले होते," मास्तर म्हणाला. "टीव्हीवरचा मुलगा कोण, विचारलं. मी म्हटलं, चित्र धूसर होतं, ओळखू आला नाही. दुसऱ्या दिवशी परत आले, चौकटीतला फोटो टेबलावर ठेवला. म्हणाले, तुमच्यापेक्षा तुमची सासू खरं बोलते."

"मग बाबांना सांगायचं होतंत."

"सांगून? तुझ्या बाबांनी म्हातारीला घराबाहेर काढलं असतं. आणि स्योक-हूनला..." तो थांबला. फळ त्याच्या हातात चिरडलं होतं, रस बोटांवर आला होता. "स्योक-हूनला महिन्यातून दोनदा देवळामागे आई भेटत होती. तेवढं एकच होतं तिला. ते कसं काढून घेऊ?"

"ताईला तरी सांगितलंत ना?" बून-खिमने विचारलं.

"तिने एकदाच विचारलं मला. मी म्हटलं, मी दिला नाही. ती म्हणाली, मग कोणी? तिथे मी गप्प बसलो. परत तिने विचारलं नाही. चौदा वर्षं माझा भात रांधला, कपडे धुतले, आजारपण काढलं, पण त्या दिवसापासून माझ्याकडे सरळ बघितलं नाही. गेली तीही तसंच समजून."

आ-फिनला वाटत होतं, जावयाचं घर आपण तोडलं, एवढंच आपलं पाप. आतून काय काय मोडलं होतं ते आज कळलं. देवळामागे लेक यायची तेव्हा ती नवऱ्याविषयी एक अक्षर बोलत नसे, आणि आ-फिनला ते बरंच वाटायचं, कारण तोच विषय तिला नको असायचा. ती मास्तरपुढे गुडघे टेकायला वाकली. त्याने तिचे दंड धरले.

"माझ्याकडे नको, आई," तो म्हणाला. "घरी चला. तिला सांगा."

"आई कशी जाईल?" क्योक-हुए म्हणाली. "मोठ्यांनी गेलेल्या धाकट्यांच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावायची नसते. आणि हा महिना..."

"चप्पल दे माझी," आ-फिन म्हणाली.

डुकराचे पाय शेगडीवरच राहिले. पाच गल्ल्या, रणरणतं ऊन. बून-खिमने आईचा हात धरला होता, सून छत्री घेऊन मागून येत होती, मास्तर पुढे. बून-हाँग सगळ्यांच्या मागे, बरंच अंतर ठेवून, पण येत होता. एकवीस वर्षांत आ-फिनने या गल्लीत पाय ठेवला नव्हता. दार तेच होतं. आत देवघराच्या फळीवर चियाम घराण्याची पाटी, आणि शेजारी स्योक-हूनचा फोटो. रोडावलेली, कडेला कुठे तरी बघणारी. लेकीचा चेहरा इतका आपल्यासारखा आहे हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मास्तरने तीन उदबत्त्या पेटवून तिच्या हातात दिल्या. कोणी अडवलं नाही.

"हून," आ-फिन म्हणाली, "मी आले बाई. उशीर झाला. तुझ्या नवऱ्याने नाही दिला फोटो. मी दिला. त्याने तुझ्यासाठी तोंड शिवून घेतलं, आणि मी माझ्यासाठी. तू उगाच त्याच्याशी अबोला धरलास. चूक माझी, शिक्षा तुम्ही दोघांनी भोगली. आता तरी त्याच्याकडे बघ."

एवढंच तिला सांगता आलं. उदबत्त्या खोचताना राख तिच्या बोटांवर पडली.

मास्तरने फळीवरून कौल लावायचे दोन लाकडी तुकडे उचलले, एका बाजूने सपाट, एका बाजूने फुगीर. एक सपाट एक फुगीर पडला तर गेलेल्या माणसाचा होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार.

"दरवर्षी तिच्या तिथीला विचारतो," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "मी फोटो दिला नाही हे आता पटलं का, म्हणून. सात वर्षं नाहीच म्हणतेय."

त्याने तुकडे कपाळाला लावले, पुटपुटला, आणि फरशीवर टाकले. दोन्ही फुगीर. त्याने उचलले, परत टाकले. एक तुकडा घरंगळत दारापर्यंत गेला. बून-हाँग उंबऱ्याशी उभा होता, तो वाकून बघायला लागला. फुगीर. दुसराही फुगीर. तिसऱ्यांदा मास्तरने गुडघ्यावर बसून टाकले. फुगीर.

बून-खिम म्हणाला, "लाकूड आहे हो ते, मास्तर. जुनं झालंय."

"नाही," आ-फिन म्हणाली. ती फोटोकडे बघत होती. आपली लेक तिला चांगली ठाऊक होती. "तिने ऐकलंय सगळं. तिला वाटतंय, आई तुम्हाला वाचवायला खोटं बोलतेय."

मास्तरने होकारार्थी मान हलवली. त्याने दोन्ही तुकडे गोळा केले, शर्टाला पुसले आणि फळीवर ठेवून दिले.

"उद्या परत या, आई," तो म्हणाला. "उद्या परत सांगू."